लाकडी चौकटीचं घर: पुण्याच्या पश्चिमेला बांधणाऱ्यांसाठी

मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या बाजूला ज्यांची जागा आहे आणि तिथे सिमेंटच्या कॉलम-बीमऐवजी लाकडी खांब-तुळयांचं घर बांधावं असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं घर पौडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. बांधायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांनी तीनच गोष्टी विचारल्या: वाळवीचं काय, आगीचं काय, आणि एवढा साग परवडतो का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पाण्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि खरं डोकं लावावं लागतं ते तिथेच.

या घराचे फायदे कागदावर असतानाच पदरात पाडून घ्यावे लागतात. सिमेंटच्या घरात स्लॅब पडल्यावरही ‘इथून एक पाइप काढू’ म्हणत छिन्नी चालवता येते. इथे तुळईला नको तिथे भोक पडलं की ती तुळई कामातून गेली. त्यामुळे खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

१. फायदे आपल्या जागेला लावून बघा

पहिला फायदा वजनाचा. वाळलेल्या सागाचा एक घनमीटर साधारण ६५० किलो भरतो, काँक्रीटचा २४०० किलोच्या आसपास. घर हलकं म्हणजे पायावरचा भार कमी, आणि कच्च्या रस्त्यावरून चढवायचा मालही कमी. ज्यांच्या प्लॉटपर्यंत रेडीमिक्सची गाडी पोचत नाही त्यांना याची किंमत लगेच कळेल. भूकंपाचा हिसका इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला माणसं दगावली ती मुख्यतः जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या जड धाब्यांखाली. कोयनेचा १९६७ चा भूकंप पुण्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो, तेव्हा हा मुद्दा आपल्यासाठी नुसता पुस्तकी नाही.

दुसरा फायदा वेळेचा आणि पाण्याचा. जागेवर पायाचं काम चालू असताना तिकडे शेडमध्ये खांब-तुळया कापून, खाचा पाडून तयार होतात. चौकट उभी राहिली की त्याच आठवड्यात छपराला हात घालता येतो. सेंटरिंग, टेकू, क्युरिंग यांची वाट बघायची नसते. एप्रिलमध्ये टँकर मागवून स्लॅबवर पाणी साठवणारे शेजारी बघितले की हा फायदा जास्त पटतो.

तिसरा उष्णतेचा, आणि इथे जरा थांबा. लाकडातून उष्णता काँक्रीटच्या साधारण दहाव्या हिश्शानेच आत शिरते, हे खरं. पण हलकी भिंत गारवा धरूनही ठेवत नाही. पुण्यात उन्हाळ्यात दिवस तापतो आणि रात्र उतरते. जाड भिंत रात्रीचा गारवा दुपारपर्यंत पुरवते, ते काम पातळ लाकडी भिंतीला जमत नाही. म्हणून माझं मत असं, की चौकट लाकडाची ठेवा, पण पश्चिमेची भिंत विटांची किंवा दगडाची जाड घ्या. अख्खं घर फळ्यांचं करायचा हट्ट थंड देशात शोभतो.

चौथा फायदा बदलाचा. भार खांब-तुळया वाहतात, भिंती नुसत्या भरलेल्या असतात. उद्या दोन खोल्यांची एक करायची झाली तर भिंत काढा, घराला कळणारही नाही. पेठांमधले वाडे याच तत्त्वावर उभे राहिले. घर किती खणांचं, असं विचारायचे ते त्याचमुळे. दोन खांबांमधला खण हे माप धरून पिढ्यान्‌पिढ्या खोल्या वाढत गेल्या.

पर्यावरणाचा फायदाही आहे. एक घनमीटर साग हवेतला साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो. सरकारी इमारतींत लाकूड वापरायला केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली, ती अशाच विचाराने. अर्थात लाकूड कुठून आलं यावर हे सगळं अवलंबून आहे, त्याबद्दल पुढे.

तोटेही ऐकून ठेवा. वरच्या मजल्यावर मूल धावलं की खाली ढोल वाजतो. चौकटीचा खर्च जास्त येतो, पायात वाचलेले पैसे तो फरक अर्धवटच भरून काढतात. आणि विकायला काढलंत तर गिऱ्हाईक कमी मिळतं.

२. जमीन आणि कागद

इथला सगळ्यात मोठा सापळा एजंट तोंडी घालतो: “साहेब, लाकडी घर तात्पुरतं धरतात, त्याला परवानगी लागत नाही.” राहण्यासाठी पाया घालून बांधलेलं घर हे बांधकामच आहे, मग चौकट कशाचीही असो. पुणे जिल्ह्यातल्या या पट्ट्यात बहुतेक गावांसाठी परवानगी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देते, महापालिकेत आलेल्या गावांसाठी महापालिका. नियमावली २०२० ची एकत्रित, म्हणजे यूडीसीपीआर.

जागा घेतानाच तपासायचं ते असं. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे नोटरीवर विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. सातबारावर नाव लागेपर्यंत तुमचे केस पांढरे होतील. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे, आणि ‘व्ह्यू’चे प्लॉट नेमके तिथेच असतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रात गाव येतं का, हेही आधी बघून घ्या.

फाइलमध्ये हे कागद हवेत:

– अलीकडचा सातबारा, आठ अ आणि मागचे फेरफार
– मोजणीची ‘क’ प्रत
– झोन दाखला
– एनए आदेश किंवा मंजूर लेआउटची प्रत
– प्लॉटपर्यंतच्या रस्त्याचा पुरावा
– आर्किटेक्टचे नकाशे आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र
– पुढे जोता तपासणीचा दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र
– लाकडाची जीएसटी बिलं आणि वाहतूक पास
– वाळवी प्रतिबंधाचं हमीपत्र

शेवटचे दोन कागद सिमेंटवाल्यांच्या फाइलमध्ये सहसा बघायला मिळत नाहीत. तुम्ही मात्र जपून ठेवा, घर विकेपर्यंत उपयोगी पडतात.

३. कोणत्या प्रकारची चौकट

ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला आपला जुना: जाड खांब, जाड तुळया, खाचेत कूस, म्हणजे तुळईच्या टोकाची बारीक केलेली जीभ, बसवून केलेले सांधे. दिसायला देखणा, लाकूड भरपूर खातो, आणि सुतार पट्टीचा लागतो. दुसरा अमेरिकेकडचा: दोन इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या सोळा किंवा चोवीस इंचांवर लावायच्या आणि दोन्ही बाजूंनी प्लाय किंवा बोर्ड ठोकायचा. लाकूड कमी, काम झटपट. पण भिंतीच्या पोटात पाणी शिरलं तर बाहेरून दिसत नाही, आणि आपल्याकडचा जुलै चार-चार दिवस थांबत नाही. तिसरा प्रकार कारखान्यातून तयार येणारा. पाइनच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या तुळया, ग्लुलॅम म्हणतात त्या, स्टीलच्या प्लेटांनी जोडतात. मोठा गाळा विनाखांब हवा असेल तर हाच बरा.

घाटाच्या पायथ्याशी मी पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. सगळं लाकूड डोळ्यांसमोर असतं. कुठे ओल आली, कुठे भुंगा लागला, चहा पितापिता कळतं. तयार किट घेणार असाल तर विकणाऱ्याला एकच विचारा: पाच वर्षांनी एखादा भाग बदलायचा झाला तर तो भाग कुठून येणार? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका.

४. इंजिनिअर आधी, सुतार नंतर

पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर पैशाला पासरी, पण लाकडाचं डिझाइन केलेले थोडे. भेटलात की विचारा, आयएस ८८३ प्रमाणे हिशेब करणार का. लाकडी बांधकामाच्या डिझाइनचं भारतीय मानक ते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्येही भाग ६ चं तिसरं प्रकरण लाकूड आणि बांबूचंच आहे. ‘काँक्रीटचा कॉलम नऊ बाय बारा, मग लाकडाचाही तेवढाच घेऊ’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून उठा.

इंजिनिअरकडून तीन गोष्टी कागदावर घ्या. प्रत्येक सांध्याचं वेगळं चित्र, कारण लाकडी घर तुळईत मोडत नाही, सांध्यात सुटतं. आडव्या धक्क्यासाठी तिरके आधार कुठे. आणि छपरापासून पायापर्यंत सलग धरून ठेवणारे पट्टे-बोल्ट कुठे. हलकं घर भूकंपात तग धरतं, तेच वाऱ्यात उचललं जाऊ शकतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्यापासून इतक्या आत, मावळ-मुळशीतही छपरं उडाली. वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब जोत्याला, अशी साखळी कुठेच तुटता कामा नये.

नकाशा पक्का करण्याआधी घरच्यांना घेऊन सदाशिव पेठेतला विश्रामबाग वाडा बघून या. नक्षीचे सुरूदार खांब सगळेच बघतात; तुम्ही खांबाच्या माथ्यावरचे हस्त, म्हणजे तुळईखालचे पसरट आधार, बघा, तुळईचा भार खांबावर कसा पसरून उतरवलाय ते बघा, आणि खांब जमिनीला न टेकता तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, कसा बसलाय तेही.

५. लाकूड: कोणतं, कुठून, कसं मोजून

इथे सगळ्यात जास्त पैसा जातो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

सागाचा गाभा टिकाऊ असतो, त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण सालीलगतचा पांढरा थर सागाचा असला तरी वाळवी आणि भुंगा मिटक्या मारत खातात. ‘सागच आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका; प्रत्येक नगाचा कापलेला तोंडाकडचा भाग बघा आणि पांढरा भाग किती ते ठरवा. खांबांसाठी अजिबात नको. सगळं घर सागाचं करण्याची गरजही नाही. खांब, मुख्य तुळया आणि बाहेर पावसात उघडं पडणारं सगळं सागाचं घ्या. आतल्या कड्या आणि वासे ऐनाचे चालतात. ऐन जड आणि मजबूत, फक्त सुकताना वळतो, म्हणून पूर्ण सुकलेलाच घ्यायचा. पाइन वापरायचा तर दाबाखाली औषध मुरवलेला. बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया घराच्या आतल्या लाकडाला ठीक, पावसात ती धुऊन जाते.

घ्यायचं कुठून? भवानी पेठेतलं टिंबर मार्केट हा सरळ रस्ता. तिथे चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग ‘सीपी’ नावाने मिळतो, आफ्रिकेचा ‘घाना’ म्हणून. सीपी महाग आणि भारी. घाना स्वस्त, पण बराचसा लागवडीतला, कमी वयाचा, पांढरा भाग जास्त. दुसरा रस्ता जुन्या वाड्यांचं लाकूड. वाडे पाडणारे ठेकेदार खांब-तुळया विकतात. शंभर वर्षांपूर्वीच सुकून झालेला असा साग वखारीत नव्याने मिळणं कठीण. मात्र त्यात खिळे असतात, जुन्या खाचा असतात, आणि टोकं बऱ्याचदा कुजलेली. कापायला नेण्याआधी प्रत्येक नगावरून चुंबक फिरवून खिळे काढा. नाहीतर सॉ मिलवाला ब्लेडचे पैसे तुमच्याकडून घेईल किंवा माल परत पाठवेल. जुन्या खाचा इंजिनिअरला दाखवून मगच तो नग कुठे लावायचा ते ठरवा.

तिसरा रस्ता ‘गावातल्या पाटलांच्या बांधावरचा साग’. स्वस्त वाटतो. पण साग तोडायला वन विभागाची परवानगी लागते, मग तो स्वतःच्या शेतातला का असेना, आणि हलवायला वाहतूक पास. पास नसलेली गाडी नाक्यावर अडवली तर लाकूडही जप्त आणि गाडीही. आधी परवानगी, मग कुऱ्हाड, मग टेम्पो.

मोजणीचं. चिरलेलं लाकूड घनफुटावर विकतात: लांबी फुटात, गुणिले रुंदी इंचात, गुणिले जाडी इंचात, भागिले १४४. दहा फुटी, सहा बाय सहाचा खांब म्हणजे अडीच घनफूट. असे वीस खांब, पन्नास घनफूट. गोल ओंडक्याचा हिशेब वेगळा: घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. त्यात ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्केच मोजले जातात, म्हणजे गिऱ्हाइकाला सूट मिळाल्यासारखी वाटते. पण चिराईत साल, पांढरा भाग आणि भुसा जाऊन हाती बरंच कमी उरतं. त्यामुळे ‘त्या वखारीत दर निम्मा आहे’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, गोल का चिरलेला? आणि चिरलेल्या मालाचं माप रंधा मारण्याआधीचं का नंतरचं, हेही. सहा इंची म्हणून घेतलेला खांब रंधल्यावर पावणेसहाचा होतो, इंजिनिअरने मात्र पूर्ण सहा धरलेले असतात.

आता ओल. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. ओला खांब लावलात तर पहिल्या उन्हाळ्यात सांधे ढिले पडतात, कडीपाटाच्या फळ्यांमधून खालचं दिसायला लागतं. चौकटीच्या लाकडात १२ ते १५ टक्के ओलावा ठीक, वीसच्या वर असेल तर हात लावू नका. उघड्यावर सुकवायचं म्हटलं तर इंचाला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे, म्हणून जाड खांब ‘सुकवून देतो’ म्हणणाऱ्याला ‘कधीपर्यंत’ ते विचारा.

ओलावा मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं. दोन सुया असतात, लाकडात टोचायच्या. टिंबर मार्केटमध्ये ते खिशातून काढलं की गल्ल्यावरचा माणूस वहीतून मान वर करतो.

“काका, माल कडकडीत सुकलाय. हात लावून बघा.”

“हात लावलाच आहे. जरा मधोमध कापून द्याल?”

मधोमध यासाठी, की टोकं आणि वरचा थर आधी सुकतो. मी बघितलेल्या एका नगावर वरून १४ आकडा आला आणि ताज्या कापावर २७. दुकानदार शांतपणे म्हणाला, “तो लॉट नवीन आहे, तुम्हाला मागचा देतो.” मागचा लॉट खरोखरच सुकलेला होता. मीटर नसतं तर आधीचाच टेम्पोत चढला असता.

६. पाया, जोतं, वाळवी

मुरूम लागला तर पाया उथळ पुरतो. काळी माती असेल तर घर हलकं असूनही हलगर्जी नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हलक्या घराला सहज उचलते. मातीची तपासणी करून घ्या.

जोतं दोन फुटांपेक्षा कमी नको, आमच्याकडच्या पावसात तीन फूट बरं. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधले वाडे बसले ते बहुतेक पाण्याने मातीच्या भिंती विरघळल्या म्हणून. तेव्हा खालची तीन फूट भिंत दगडाची किंवा भाजलेल्या विटांची ठेवा, वर हौस म्हणून माती वापरायची असेल तर वापरा.

खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. ठेकेदाराला ते मजबूत वाटतं, पण काँक्रीट ओल धरतं आणि खांबाचं टोक आतल्या आत कुजतं. दगडी तळखडा किंवा गॅल्व्हनाइज्ड स्टीलचा बूट घ्या, आणि लाकडाचं बूड जोत्याच्या वर किमान इंचभर मोकळं राहू द्या. खांबाच्या तळाचा कापलेला भाग उभा करण्याआधी तेलाने किंवा सीलरने पूर्ण मारून घ्या. उभा राहिल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

वाळवीचं औषध पाया खणल्यावर आणि जोत्याची भर टाकल्यावर, दोन्ही वेळा मारतात. पद्धत आयएस ६३१३ मध्ये दिली आहे. घर झाल्यावर भोकं पाडून औषध भरणं हा नाइलाजाचा उपाय. जोत्याच्या कडेने दीड फूट फरशीची पट्टी ठेवा आणि तिच्यावर कुंड्या, सरपण, जुने पुठ्ठे काही रचू नका. वाळवी मातीच्या नळ्या करून वर चढते, त्या नळ्या दिसायला हव्यात. आमच्याकडे सरपण भिंतीला टेकवायचं नाही हा नियम आहे आणि तो फक्त आईला लागू नाही.

७. चौकट उभी करणं

वेळापत्रक उलटं मांडा. मेमध्ये वळीव येतो, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस. एप्रिल संपताना छपरावर कौलं हवीत. म्हणजे चौकट होळीच्या आसपास उभी, पाया डिसेंबर-जानेवारीत, लाकडाची खरेदी दिवाळीनंतर लगेच आणि परवानगीचा अर्ज त्याच्याही बराच आधी. यातलं काही मागे पडलं तर चौकट पावसात उभी ठेवण्यापेक्षा ती पुढच्या वर्षी उभी करा. कापलेलं लाकूड शेडमध्ये सुकतच राहतं.

सुतार निवडताना फर्निचर बघू नका. छपराच्या कैच्या, मंदिराचं काम किंवा वाड्याची दुरुस्ती केलेला मिस्त्री शोधा. नमुन्याचा एक सांधा करून घ्या, पैसे देऊन. कूस खाचेत हाताने अर्धी जावी आणि उरलेली मोगरीच्या ठोक्याने. नुसत्या हाताने पूर्ण गेली तर ढिली, अर्ध्यावर अडली तर खांब फाटणार. आमचा मिस्त्री कुशीतलं भोक खांबाच्या भोकापासून दोन मिलिमीटर तुळईच्या बाजूला सरकवून पाडायचा. खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणायला बघते आणि तुळई खांबाकडे खेचली जाते. ठोक्याचा आवाजही बदलतो. पोकळ टकटक बंद होऊन एकदम भरीव ठक्‌ येतो, तिथे हात थांबवायचा. खुंटी चौकटीपेक्षा जास्त सुकलेल्या लाकडाची हवी.

तुमच्याकडे ओळंबा, लेव्हल पाइप, मोठा गुण्या, ओलावा-मीटर आणि टॉर्च असू द्या. प्रत्येक खण उभा राहिला की दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर खण काटकोनात आहे. तात्पुरते तिरके आधार भिंती भरून होईपर्यंत काढू देऊ नका. मजूर सेंटरिंगच्या सवयीने ते दुसऱ्याच दिवशी काढायला बघतात.

बोल्ट आणि स्क्रू स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्ड घ्या. साध्या लोखंडाभोवती सागावर काळे डाग उतरतात, मग ते रंध्यानेही जात नाहीत.

८. छप्पर आणि भिंती

पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, ताम्हिणी-लोणावळ्याकडे त्याच्या कितीतरी पट. शहरातल्या आर्किटेक्टचा अडीच फुटी छज्जा तिथे पुरत नाही. पागोळी किमान तीन फूट बाहेर, पश्चिमेला पडवी, आणि उतार तीस-पस्तीस अंशांचा. मंगलोरी कौलांखाली फळ्या आणि त्यांच्यावर पाणी अडवणारा कागद घाला. वाऱ्याबरोबर पाऊस कौलांच्या फटीतून आत येतोच. शिवाय माकडं आहेत. माकड कौल उचलून बघतं आणि जागेवर ठेवत नाही.

विटांची भिंत आणि खांब जिथे भेटतात तिथे सिमेंटच्या गिलाव्याला भेग जाणारच, कारण लाकूड ऋतूप्रमाणे हलतं. तिथे खाच सोडा, चुन्याचा गिलावा वापरा, नाहीतर वर लाकडी पट्टी मारा. भेग बुजवून रंग मारण्याचा खेळ दरवर्षी करत बसू नका.

न्हाणीघर आणि संडास लाकडी मजल्यावर घेऊ नका. खाली, विटांच्या वेगळ्या खोलीत, चौकटीला चिकटून पण तिच्यावर भार न टाकता बांधा. वरच्या मजल्यावर हवंच असेल तर तेवढा भाग काँक्रीटच्या स्लॅबचा. स्वयंपाकघराचा ओटाही बाहेरच्या भिंतीला घ्या, म्हणजे पाइप चौकटीतून फिरणार नाही.

९. आग, वायरिंग, विमा, कर्ज

शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. जाड लाकूड जळतं ते बाहेरून आत, मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या संथ गतीने. वरचा कोळसा आतल्या लाकडाला झाकतो. साधं स्टील साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून वाकतं. धोका असतो तो पातळ फळ्या, छताखालची पोकळी आणि वायरिंगमध्ये. म्हणून सगळ्या वायर आग न पसरवणाऱ्या आवरणाच्या, पाइपमधून. प्रत्येक सर्किटला एमसीबी, शिवाय वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. गॅसचं सिलिंडर बाहेर, जाळीच्या कपाटात. देवघरात समईच्या वरची फळी काढून टाका किंवा तिथे पत्रा मारा.

विम्याच्या अर्जात बांधकामाचा प्रकार विचारतात. तिथे ‘लाकडी चौकट, विटांच्या भिंती, कौलारू छप्पर’ असं स्वच्छ लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण ‘पक्कं’ म्हणून टिक मारून सुटका करून घेतलीत तर दाव्याच्या वेळी तीच टिक समोर ठेवतील.

कर्जाचं आधी विचारा, नंतर नाही. आमची फाइल एका बँकेने व्हॅल्युअर जागा बघून गेल्यानंतर परत केली. कारण एवढंच, की त्यांच्या तक्त्यात लाकडी चौकटीसाठी रकाना नव्हता. प्रोसेसिंग फी परत मिळाली नाही. दुसरीकडे जाताना आम्ही इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि हिशेबाची प्रत पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवली, आणि प्लॉटच्या तारणावर काम झालं. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत लाकडाची आगाऊ रक्कम देऊ नका.

१०. राहायला गेल्यावर

पहिल्या पावसात दारं-खिडक्या फुगून घट्ट होतील. लगेच रंधा मारू नका. दिवाळीनंतर मोजा, तेव्हाही अडत असतील तरच मारा. भर पावसात रंधलेलं दार एप्रिलमध्ये वाऱ्याने आपोआप उघडतं.

दरवर्षी मेमध्ये फुटकी कौलं बदला, पन्हळी साफ करा, पावसाचा मारा खाणाऱ्या लाकडाला बेलतेलाचा (उकळलेल्या जवस तेलाचा) हात द्या. चकचकीत पॉलिश बाहेर नको, उन्हाने त्याचे पापुद्रे निघतात आणि त्याखाली ओल अडकते. सप्टेंबरमध्ये टॉर्च घेऊन जोत्याच्या कडेने फिरा, मातीच्या नळ्या आणि खांबाखाली पिठासारखा भुसा शोधा. भुसा ताजा असेल तर भोकात इंजेक्शनने औषध सोडतात, पेस्ट कंट्रोलवाला अर्ध्या दिवसात करून जातो. बोल्ट पहिली दोन वर्षं दिवाळीच्या सुट्टीत आवळून घ्या. तोवर चौकट बसते, त्यानंतर पाना क्वचितच लागतो. आवळताना वॉशर लाकडात रुतायला लागला की थांबा, आणि तो सांधा मिस्त्रीला दाखवा.